गवंडीकामाचे शिक्षण आणि त्याची भाषा

१

२०२५ च्या जुलै महिन्यात मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची साक्ष देणाऱ्या बारा किल्ल्यांचा समावेश जागतिक वारसास्थळांच्या सूचीत झाला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातील असून बारावा, जिंजी, तमिळनाडूत आहे. हा गौरव खरा. परंतु सूचीत नाव दाखल झाल्याने तटाचे, बुरुजाचे किंवा दरवाजाचे आयुष्य वाढत नाही. ते वेळोवेळी होणाऱ्या डागडुजीने वाढते. आणि डागडुजी करावयाची तर दगड पारखणारा पाथरवट व चुना जाणणारा गवंडी हवा. असा कारागीर आज विरळा झाला आहे. त्यामुळे दगडकाम व चुनेकाम नव्या पिढीस कसे शिकवावे, हा प्रश्न केवळ हौशी अभ्यासकांचा राहिलेला नाही.

या प्रश्नाचा विचार बहुधा स्थापत्याच्या किंवा अर्थकारणाच्या अंगाने होतो. तथापि कोणतेही कसब एका पिढीकडून दुसरीकडे जाताना भाषेतून जाते. शिकविणारा काय बोलतो, काय बोलत नाही, कोणत्या शब्दाने तो काम थांबवितो आणि कोणत्या शब्दाने ते पसंत करतो, यांवर शिकणाऱ्याचे पुढचे सारे अवलंबून असते. या दृष्टीने पाहिले असता असे दिसते की, गवंडीकामाविषयीच्या लेखनाने या विद्येतील नामे टिपली आणि क्रियापदे बव्हंशी सोडून दिली. ती शिकविण्याच्या योजनाही त्याच वळणाने गेल्या. हे विधान काही ग्रंथांच्या आणि योजनांच्या आधारे तपासून पाहणे, एवढाच येथील हेतू आहे.

२

चुन्याविषयी उपलब्ध असलेल्या जुन्या लेखनात रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियस याचा दहा भागांचा ग्रंथ अग्रगण्य होय. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रचलेल्या या ग्रंथात चुन्याचा विचार दोन ठिकाणी येतो. दुसऱ्या भागात तो प्रमाण सांगतो: खाणीतील वाळू असेल तर तिचे तीन भाग व चुन्याचा एक भाग, नदीची किंवा समुद्राची वाळू असेल तर दोन भाग व एक भाग. सातव्या भागात, गिलाव्यासाठी भिजविलेला चुना तयार झाला की नाही हे कसे ओळखावे, याचे विवेचन आहे. कुदळीच्या जातीच्या हत्याराने चुना तोडून पाहावा. हत्याराला खडे लागले तर तो अद्याप विरलेला नाही. लोखंड कोरडे व स्वच्छ बाहेर आले तर चुना निःसत्त्व व तहानलेला आहे. तो डिंकासारखा हत्याराला धरून राहिला तर कामास योग्य झाला, असे समजावे.

या दोन उताऱ्यांतील भेद लक्षणीय आहे. पहिला कोणालाही पाठ करता येईल. दुसरा पाठ करून उपयोग नाही. ‘डिंकासारखा’ म्हणजे कितपत, हे हत्यार हाती घेतल्यावाचून कळत नाही. पहिल्यात प्रमाण आहे, दुसऱ्यात पारख आहे. व्हिट्रुव्हियसचे मोठेपण असे की, पारख शब्दांत पुरती मावत नाही हे उघड असूनही त्याने ती गाळली नाही. वाचकाला त्याने हत्यारापर्यंत आणून सोडले आहे.

मराठीत या विषयाशी नाते सांगणारा ठळक ग्रंथ म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभीचे, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेले ‘आज्ञापत्र’. त्यातील दुर्गप्रकरण सुविख्यात आहे. किल्ल्याची जागा कशी असावी, पाण्याची तरतूद आधी का पाहावी, याविषयीची त्यातील दृष्टी आजही विचक्षण वाटते. परंतु ते बांधवून घेणाऱ्यासाठी लिहिलेले आहे. बांधणाऱ्याला उद्देशून ते नाही. राज्यकर्त्याने काय साधावे हे तेथे कळते. ते साधताना गवंड्याच्या हातांनी काय करावे हा त्याचा विषयच नव्हे. हा दोष नव्हे, ग्रंथाची मर्यादा होय. पण तिचा परिणाम असा की, दुर्गविद्येची मराठी परंपरा म्हणून आज जिचा उल्लेख होतो ती प्रामुख्याने आज्ञा देणाऱ्याच्या भाषेत उरली आहे.

तिसरा प्रकार आधुनिक मानकांचा. भारतीय मानक ७१२ यात बांधकामाच्या चुन्याचे वर्ग केलेले आहेत: पाण्यातही घट्ट होणारा, मध्यम प्रतीचा, केवळ हवेत घट्ट होणारा कळीचा चुना, मॅग्नेशियमयुक्त, कंकराचा इत्यादी. ही वर्गवारी शास्त्रशुद्ध आहे व तिच्यामागे दोन शतकांचे संशोधन उभे आहे. जॉन स्मीटन याने १७५६ नंतर एडिस्टोन येथील दीपगृह बांधताना असे ताडले की, पाण्यात घट्ट होण्याचा गुण चुनखडकातील चिकणमातीवर अवलंबून असतो. फ्रान्समधील लुई व्हिका याने १८१८ मध्ये या गुणाची पद्धतशीर मीमांसा प्रसिद्ध केली. १८२४ मध्ये जोसेफ ॲस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले आणि पुढे चुन्याची गरजच सरली, असा समज रूढ झाला.

या शास्त्राला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र त्यामुळे एक स्थित्यंतर घडले, त्याची नोंद घेतली पाहिजे. सिमेंट कारखान्यात तयार होते आणि प्रत्येक पोते दुसऱ्यासारखे असावे अशी व्यवस्था तेथेच केलेली असते. म्हणजे पारख कारखान्यात गेली. गवंड्याच्या वाट्याला प्रमाण तेवढे उरले. चुन्याचे तसे नाही. दख्खनमध्ये काळ्या मातीत सापडणाऱ्या चुनखडीच्या खड्यांपासून भाजलेला चुना आणि कोकण किनाऱ्यावर शिंपले भाजून केलेला चुना हे गुणधर्माने वेगळे. पहिल्यात मातीचा अंश असतो, म्हणून तो ओलीतही धरतो. दुसरा शुद्ध, पण मंदगती. दोन शिवारांतले खडे एकाच भट्टीत भाजले तरी निपजणारा चुना सारखा असेलच असे नाही. दगडाचीही तीच गोष्ट. सह्याद्रीचा बसाल्ट सर्वत्र एकजिनसी नसतो. कोठे तो घट्ट, कोठे पोकळ्यांनी भरलेला, तर कोठे थंड होतानाच भेगाळलेला असतो. पाथरवट हातोडीने दगड वाजवून पाहतो. खणखणीत नाद आला तर तो घडाईस घेतो, बद्द आवाज आला तर बाजूला टाकतो. द्रव्य जेथे प्रत्येक वेळी वेगळे, तेथे निर्णय हातातच राहावा लागतो. मानक वर्ग सांगते. समोरच्या ढिगातला चुना आज, या हवेत, कामास आला आहे काय, हे ते सांगत नाही.

३

महाराष्ट्रात हे हात आणि पुस्तक एकमेकांपासून केव्हा दुरावले, याचे एक स्थूल उत्तर देता येते. १८५४ मध्ये पुण्यात सार्वजनिक बांधकामांसाठी दुय्यम अधिकारी तयार करण्याच्या हेतूने अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा तो प्रारंभ. त्यानंतरची कित्येक दशके चुन्याचा वापर थांबला नव्हता. १८६९ ते १८७९ या काळात बांधलेले खडकवासल्याचे धरण दगड आणि चुना यांचेच आहे. म्हणजे विद्या जिवंत होती. तिच्या ज्ञानाची मात्र वाटणी झाली. देखरेख करणाऱ्याकडे पुस्तक गेले, हत्यार गवंड्याकडे राहिले. पुस्तकाची भाषा इंग्रजी होती आणि हत्याराची मराठी.

या वाटणीत शब्दांचे काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. दर्शनी भागासाठी ओबडधोबड घडलेल्या दगडास गवंडी ‘खांडकी’ म्हणतात. हा शब्द मुंबई इलाख्यातील सरकारी बांधकामाच्या इंग्रजी परिभाषेत जसाच्या तसा शिरला. वस्तूचे नाव उचलणे सोपे असते: दगड दाखवावा आणि नाव लिहून घ्यावे. परंतु ती खांडकी बसविताना गवंडी जे बोलतो, त्यातले काही त्या कागदांत आले नाही.

मराठी कोशांचे कार्य या संदर्भात कृतज्ञतेने आठवावे असे आहे. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये आणि त्याची वाढविलेली आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत प्रसिद्ध झाला. धंदेवाईक शब्दांचा मोठा साठा त्यांमुळे वाचला. परंतु कोशाची मांडणी सुट्या शब्दाची असते. ‘ओळंबा’ म्हणजे काय हे कोश सांगू शकतो. ओळंब्याची दोरी स्थिर होण्याआधी भिंत पाहू नये, हे सांगणे त्याचे काम नव्हे. जे कोशाचे काम नाही ते कोशाकडून होईल अशी अपेक्षा ठेवून थांबणे, ही चूक कोशकारांची नसून नंतरच्यांची आहे. कारागिरांची परिभाषा गोळा केली की कारागिरी जतन झाली, हा समज विद्यापीठीय वर्तुळातही कमी रुजलेला नाही.

४

गवंडीकामाच्या मराठीत तीन क्रियापदे विशेष विचारार्ह आहेत: घडणे, मुरणे आणि बसणे. तिन्ही रोजच्या भाषेतली असल्यामुळे परिभाषेच्या याद्यांतून ती सहज निसटतात.

दगड घडतात. ज्यावर हत्यार चालले तो घडीव, ज्यावर चालले नाही तो अनघड. चुना मुरतो. कळीच्या चुन्यावर पाणी पडले की तो उकळतो, फुटतो, विरतो. ही क्रिया डोळ्यांना दिसते व लवकर आटोपते. त्यानंतर पाण्याखाली झाकून ठेवलेला चुना दिवसेंदिवस मऊ व चिकट होत जातो. ही क्रिया दिसत नाही. तिला गवंडी मुरणे म्हणतो. पुढे वाळू किंवा विटांची सुर्खी घालून तो घाणीत मळला जातो आणि दोन दगडांच्या मध्ये जातो. तेथे दगड बसतो. ठेवलेला दगड आणि बसलेला दगड यांत गवंडी भेद करतो: ठेवलेला दगड आपल्या जागी असतो, बसलेल्या दगडाने खालच्या दोघांवर भार टाकलेला असतो आणि त्यांचा सांधा झाकलेला असतो. दगड उत्तम घडला म्हणून तो उत्तम बसेल असे नाही. बसणे हा एकट्या दगडाचा गुण नव्हे. तो शेजाऱ्यांशी जुळलेला संबंध आहे.

आता हीच क्रियापदे माणसाविषयी कशी वापरली जातात ते पाहावे. विद्यार्थी घडतो. अनुभवी माणूस आपल्या धंद्यात मुरलेला असतो. शिकणाऱ्याचा हात बसतो. मराठी भाषकाने द्रव्याच्या आणि शिकणाऱ्याच्या अवस्थांना एकच शब्द दिले आहेत. हा केवळ अलंकार आहे असे म्हणून सोडून देता येईल. परंतु तिन्ही क्रियापदांचे व्याकरण पाहिले तर त्यांत शिक्षणाविषयीचा एक अस्फुट विचार आढळतो.

घडण्याच्या क्रियेत बाहेरचा कर्ता उघड असतो. सोनार दागिना घडतो, पाथरवट दगड घडवितो, शिक्षक विद्यार्थी घडवितो. मुरण्याच्या क्रियेत तसा कर्ता नाही. ‘मुरविणे’ हे प्रयोजक रूप आहे खरे, परंतु मुरविणारा प्रत्यक्षात करतो काय? तो झाकून ठेवतो, पाणी आटू देत नाही आणि थांबतो. बसण्याच्या क्रियेत कर्ता असतो, तथापि यश त्याच्या एकट्याच्या हाती नसते; भोवतालची रचना आधी उभी असावी लागते. म्हणजे घडण्याला हत्यार हवे, मुरण्याला काळ हवा आणि बसण्याला चालू काम हवे.

‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण शिक्षणाच्या संदर्भात वारंवार योजली जाते. तिच्यात शिकणारा म्हणजे दगड, आणि त्याचे काम सोसण्याचे. टाकी धरणाऱ्या हाताचा उल्लेख नाही. त्या हाताला टाकी धरणे कोणी शिकविले, हा प्रश्न तर म्हणीच्या बाहेरच आहे. घडण्याचे रूपक एकटेच वापरले की असे होते. शिकविणे म्हणजे बाहेरून आकार देणे, ही कल्पना दृढ होते आणि उरलेल्या दोन क्रिया विसरल्या जातात.

५

ही विस्मृती प्रचलित योजनांत कशी उतरली आहे, हे एका उदाहरणावरून पाहता येईल. १७ सप्टेंबर २०२३ रोजी आरंभ झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांचा अंतर्भाव आहे; गवंडी आणि दगड घडविणारे हे त्यांत आहेत. योजनेत प्राथमिक प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे आणि प्रगत प्रशिक्षण पंधरा दिवसांचे किंवा त्याहून अधिक आहे. प्रशिक्षणाच्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, अशी तरतूद आहे. कारागिराला ओळखपत्र, हत्यारे आणि स्वस्त कर्ज मिळावे हा तिचा मुख्य हेतू असून तो स्तुत्य आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांची मजुरी बुडू नये हा विचारही महत्त्वाचा. पूर्वीच्या अनेक शिबिरांत तो नव्हता. आधीच काम जाणणाऱ्या कारागिराला नवे काही दाखविण्यास पंधरा दिवस अपुरे नाहीत.

आक्षेप आहे तो योजनेच्या भाषेला. तिच्या उद्दिष्टांत गुरु-शिष्य परंपरेचे बळकटीकरण सांगितले आहे. ही परंपरा दिवसांत मोजली जात नाही. रोमन लेखक प्लिनी याने अशी नोंद केली आहे की, बांधकामाच्या जुन्या नियमांनुसार तीन वर्षांपेक्षा ताजा चुना वापरण्यास कंत्राटदारांना मनाई होती. ज्या विद्येत चुन्याला तीन वर्षे देण्याची रीत होती, तिच्यात माणसाला पंधरा दिवस देऊन गुरु-शिष्य हा शब्द वापरणे, हे त्या शब्दाचे अवमूल्यन आहे. योजनेने आपल्या कामास उजळणी म्हटले असते तर ते अचूक ठरले असते.

‘कार्यशाळा’ या शब्दाचे भाग्य याहून उद्बोधक आहे. शब्दशः ती काम चालते ती जागा. आज संस्कृतिविषयक व्यवहारात या शब्दाचा अर्थ एक-दोन दिवसांचा मेळावा असा झाला आहे. त्यात सहभागी होणारे चुन्याचा गोळा हाती घेतात, एक चौरस गिलावा करतात आणि प्रमाणपत्र घेऊन जातात. गिलावा सुकण्यापूर्वी मेळावा संपतो. चुना हवेतील कर्बद्विप्राणिल शोषून पुन्हा दगडासारखा होतो आणि ही क्रिया पृष्ठभागाकडून आत सावकाश जाते. तिच्यातले यशापयश कळण्यास महिने लागतात. आपल्या चुकीला तडा गेलेला पाहणे, हा या विद्येतील मोठा धडा होय. तो धडा होण्याआधीच शिकणारा घरी गेलेला असतो.

ही चर्चा केवळ शब्दांच्या काटेकोरपणासाठी नाही. अपुऱ्या शिक्षणाचा परिणाम भिंतीवर होतो. चुन्याची दरज मऊ व सच्छिद्र असते. भिंतीत शिरलेले पाणी तिच्यातून वाफ होऊन बाहेर पडते आणि इमारतीची किंचित हालचाल ती सोसते. तीच दरज सिमेंटने भरली की पाणी आत कोंडते, क्षार साचतात आणि झीज दरजेऐवजी दगडाची व आतल्या भरावाची होऊ लागते. दिल्ली येथील हुमायूनच्या कबरीच्या छतावर विसाव्या शतकात घातलेले सुमारे दहा लाख किलोग्रॅम काँक्रीट २००७ ते २०१३ या काळातील संवर्धनकामात काढून टाकावे लागले आणि तेथे पुन्हा चुन्याचे काम करावे लागले. ते काँक्रीट वाईट हेतूने घातलेले नव्हते. ज्यांनी घातले त्यांना दुरुस्तीच करावयाची होती. चुन्याची पारख असलेला माणूस निर्णयाच्या जागी नसला की दुरुस्ती हेच दुखणे होते. बारा किल्ल्यांच्या बाबतीत हा धोका काल्पनिक नाही.

६

या विवेचनावर एक रास्त प्रत्यवाय येऊ शकतो. जुन्या पद्धतीचा एवढा गौरव करावयाचा तर तिचे दोषही पदरात घ्यावे लागतील. ही विद्या जातीत व घरात कोंडलेली होती. पाथरवट, बेलदार, वडार या समाजांनी ती वाहिली आणि तिच्या मोबदल्यात त्यांना प्रतिष्ठा क्वचितच मिळाली. बारा बलुतेदारांची यादी प्रांतोप्रांती थोडीफार बदलते. पण तिच्या रूढ रूपात गवंडी नाही. तो गावचा हक्कदार नव्हता. काम निघेल तेथे जाणारा होता. रायगडावरील जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजीचे नाव कोरलेले आहे, ते बांधकाम पाहणाऱ्याचे. दगड घडविणाऱ्यांची नावे तेथे नाहीत. स्त्रियांची स्थिती तर भाषेतच दिसते. ‘गवंडीण’ या शब्दाचा रूढ अर्थ गवंड्याची बायको असा आहे. दगड वाहणाऱ्या, चुना कालविणाऱ्या स्त्रीला तिच्या कामावरून नाव मिळाले नाही. घरातला मुलगा वडिलांच्या हाताखाली मुरला, याचे एक कारण त्याला दुसरीकडे जाण्याची मुभा नव्हती, हेही होते.

हा प्रत्यवाय मान्य केला पाहिजे. मात्र त्यातून पद्धतीचा त्याग निष्पन्न होत नाही. काळ, चालू काम आणि शेजारी उभा असलेला जाणता माणूस या तीन गोष्टी जातीपासून वेगळ्या करता येतात. किंबहुना या धंद्याच्या शब्दसंपत्तीवरूनच असे दिसते की, तो कधीही बंदिस्त नव्हता. ‘चुना’ संस्कृत चूर्णापासून आला, ‘ओळंबा’ अवलंबापासून. ‘चुनेगच्ची’तील गच, ‘दरज’, ‘सुर्खी’, ‘कमान’ हे शब्द फारसीतून आले. कापडाच्या शिवणीस जो शब्द, तोच दगडांच्या सांध्यास लागला. काटकोन पाहण्याच्या ‘गुण्या’चे मूळ फारसीमार्गे ग्रीक भाषेपर्यंत जाते. ‘मेस्त्री’ हा पोर्तुगीज. सतराव्या शतकात रघुनाथ पंडितांच्या ‘राज्यव्यवहारकोशा’ने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी बांधकामावरची दरज दरजच राहिली. परक्याकडून शिकल्याच्या खुणा इतक्या ठळक असताना, परंपरा म्हणजे रक्ताचा वारसा असे मानण्यास आधार नाही. शेतकऱ्याची मुलगी किंवा शहरातला पदवीधर यांच्या हाती थापी देण्यास या परंपरेची आडकाठी नसून समाजाची व मजुरीच्या दराची आहे.

७

मग शिकविण्याची व्यवस्था कशी असावी? युरोपातील एका उदाहरणाकडे येथे पाहता येईल. तेथील काही कॅथेड्रलांना जोडून दगडकामाच्या कायम कर्मशाळा चालतात. स्ट्रासबुर्ग येथील कर्मशाळेची परंपरा तेराव्या शतकापर्यंत मागे जाते. २०२० मध्ये जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड या देशांतील अशा कर्मशाळांची नोंद युनेस्कोने जतनाची उत्तम पद्धती म्हणून केली. त्यांचे मर्म असे की, इमारत आणि शाळा वेगळ्या नाहीत. इमारतीची दुरुस्ती कधीच संपत नाही, म्हणून शिकविणेही संपत नाही. फ्रान्समधील गेदेलाँ येथे १९९७ पासून तेराव्या शतकाच्या पद्धतीने एक संपूर्ण नवा किल्ला बांधला जात आहे. तेथे घाईचे बंधन नसल्याने चूक करण्यास आणि ती पाहण्यास अवधी आहे.

ही रूपे जशीच्या तशी आणणे इष्ट नाही. तत्त्व मात्र घेता येईल. किल्ल्याच्या डागडुजीचे काम कंत्राटाच्या मुदतीने सुरू होते आणि मुदतीने संपते. कारागीर पांगतात व पुढच्या कंत्राटास पुन्हा शून्यापासून प्रारंभ होतो. त्याऐवजी एखाद्या किल्ल्यास किंवा किल्ल्यांच्या गटास कायमची कर्मशाळा जोडली, तिच्यात वर्षभर भट्टी, चुन्याचे हौद आणि घाणी चालू ठेवली, आणि शिकणाऱ्याला निदान दोन पावसाळे आपली भिंत पाहू दिली, तर मुरण्यास काळ आणि बसण्यास चालू काम ही दोन्ही मिळतील. शिकणाऱ्यास पूर्ण मजुरी देणे, ही या व्यवस्थेची पहिली अट होय. ज्या कामाने पोट भरत नाही ते शिकण्यास कोणी तरुण थांबणार नाही, आणि थांबला नाही म्हणून त्याला दोष देणे अन्यायाचे होईल.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकांचे कामही येथे ठरते. परिभाषेच्या याद्या पुष्कळ झाल्या. आता काम चालू असताना होणारे बोलणे टिपले पाहिजे. जाणता गवंडी शिकणाऱ्यास दीर्घ वाक्ये सांगत नाही. ‘अजून’, ‘इतकाच’, ‘असं नाही, असं’, ‘हात हलका’, ‘आता सोड’ अशी तुटक आज्ञार्थी आणि दर्शक रूपे तो वापरतो. कागदावर ती अर्थशून्य वाटतात, कारण त्यांचा अर्थ त्या क्षणी समोर असलेल्या चुन्यात असतो. ‘असं’ म्हणजे कसे, हे हाताच्या हालचालीसह, चुन्याच्या अवस्थेसह आणि वेळेसह नोंदले तरच ती सामग्री उपयोगी पडेल. ध्वनिमुद्रण व चलच्चित्रण यांची साधने आज प्रत्येकाच्या हाती असल्याने ही नोंद अशक्य राहिलेली नाही. अशी नोंद गवंडी तयार करणार नाही. शिकविणारा कोठे थांबवितो आणि कोठे पसंती देतो, एवढे मात्र ती पुढच्या शिकविणाऱ्यास दाखवू शकेल. व्हिट्रुव्हियसने शब्दांनी जितके साधले त्याहून अधिक या मार्गाने साधणे शक्य आहे.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. क्रियापदे कोशात राहतील; पुढच्या पिढीलाही लोणचे मुरेल आणि हिशेबाचा मेळ बसेल. परंतु हौदातला चुना हाताने चाळवून ‘मुरला’ असे म्हणू शकणारी माणसे आज वयोवृद्ध आहेत. ती गेली की शब्द राहील, आणि तो कशाला म्हणावयाचा हे सांगणारे कोणी राहणार नाही.